सलाउद्दीनच्या गाडीचा लाल दिवा

आमच्या म्हसावदच्या सलाउद्दीननं तीस वर्षं जीप हाकली. बावीस माणसं कोंबून वर "अजून एक बसी जाई" म्हणणारा हाच तो. एकदा नवरदेवालाच त्यानं टपावर बसवलं होतं, पण ते राहू द्या, नाहीतर मी तिकडेच वाहत जाईन.

साठीला आल्यावर त्यानं जीप विकून जुनी विजेवरची गाडी घेतली. बाजारात लोक म्हणाले, "चाचा आते मोबाईलनागत गाडी चार्ज करी." पण हिशेब त्याचाच बरोबर निघाला. नंदुरबारला जाऊन यायला जीप हजाराचं डिझेल प्यायची. ही घरच्या प्लगवर रात्रभर लावली की दोनशेच्या आत भागायचं.

त्यातून सगळ्यात मोठा फायदा झाला फुलसिंगचा. हा डोंगरातला माणूस, ऊसतोडीला गुजरातेत जायचा. किडन्या गेल्या, तेव्हापासून बायको कमलीबाईसह इथं बहिणीकडे राहतो. आठवड्यातून तीनदा नंदुरबारला यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. जीपचे बाराशे परवडत नव्हते, म्हणून एकदाच जायचा आणि सुजायचा. सलाउद्दीननं भाडं पाचशेवर आणलं, तेव्हा तिन्ही वार सुरू झाले.

मे महिन्यातला गुरुवार होता. पहाटे पाचला सलाउद्दीननं माझं दार वाजवलं. "आबा, गाडी रातभर चार्ज नही व्हयनी. लाल दिवा जाईच नही ऱ्हायना."

त्याच्या अंगणात जाऊन पाहिलं, तर गाडीत पंधरा टक्केच चार्ज होता. एवढ्यावर शहादं गाठता आलं असतं, नंदुरबार नाही. रस्त्यातला एकुलता एक चार्जर दुरुस्तीला बंद. गावातल्या जीपा लग्नांच्या वऱ्हाडात गेलेल्या. आणि मंगळवारी यंत्रच बिघडल्यानं फुलसिंगची पाळी आधीच चुकली होती. आज नऊला पोचला नाही, तर थेट शनिवार.

तेवढ्यात कमलीबाई फुलसिंगला धरून घेऊन आली. पाय वांग्यासारखे सुजलेले, चार पावलांत धाप. खाटेवर आडवं व्हायला सांगितलं तर आडवं होता येईना, म्हणून बसूनच राहिला. एसटीच्या गर्दीत हा माणूस तासभरसुद्धा टिकला नसता.

सलाउद्दीननं दगा नावाच्या वायरमनला फोन लावला. दगा झोपेतच बोलला, "तुन्ही अर्थिंग सुकी गई व्हई. जमिनले ओल नही, म्हणीसन चार्जर नही म्हणी ऱ्हायना. अर्थनी वायर न्यूट्रलले जोडी दे, लगेच चालू."

मी म्हटलं, "मग जोड ना."

"आबा, गाडीना पत्राले करंट उना म्हणजे? दार उघडाले हात फुलसिंगच लाई."

घड्याळात साडेपाच होत आले होते.

"पण हे सुकनं कसं?" तो स्वतःशीच बोलत अंगणाच्या कोपऱ्यात गेला. तिथं जमिनीत गाडलेली अर्थिंगची नळी होती, आणि तिच्याभोवती नवेकोरे सिमेंटचे ब्लॉक.

त्याची बायको बिबीजान दारातच थबकली. "मी रोज भांडासनं पानी तठेच टाकू. आते ब्लॉक बसाडा, पानी गटारमा जास."

ते ब्लॉक तिनं मुलीच्या, अतिकाच्या लग्नासाठी बसवून घेतले होते. भिशीच्या पैशांतून. दोन महिन्यांपासून त्यांवर कुणाला चपलेनं चालू देत नव्हती. सलाउद्दीननं पहार उचलली खरी, पण बायकोकडे बघत उभाच राहिला.

"माले काय देखस?" तिनं पहार त्याच्या हातातून घेतली आणि पहिला ब्लॉक स्वतः उचकटला.

चार ब्लॉक निघाले. खाली माती राखेसारखी भुरभुरीत. अर्धा गोणा जाडं मीठ ओतलं, वर सात बादल्या पाणी. पाणी गडप व्हायचं, पण दिवा लालच. कमलीबाई नवऱ्याला पदरानं वारा घालत त्या दिव्याकडे टक लावून होती. आठव्या बादलीनंतर पाणी वर थांबू लागलं. सहाला दहा कमी असताना दिवा हिरवा झाला.

पण वीज थेंबाथेंबानं चढते. साडेसातपर्यंत सदतीस टक्के झाले. एरवी नुसतं जायलाच चाळीस लागतात.

"हळू जासू, एसी बंद," सलाउद्दीन म्हणाला. मी मागचं दार उघडलं, तर त्यानं अडवलं. "आबा, तुम्ही घरच ऱ्हा. तुम्हनं वजन बी वीज खास."

मग मी आणि बिबीजान फोन पुढ्यात ठेवून बसलो. मला तोंड बंद ठेवणं जड जातं, हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण त्या पावणेदोन तासांत मला सांगायला एकही गोष्ट आठवली नाही. प्रकाशाच्या पुलावरून त्याचा फोन आला: "अठरा टक्के." पुढं काहीच नाही. पावणेनऊ. नऊला पाच. बिबीजाननं दोनदा फोन उचलून चालू आहे की नाही ते पाहिलं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी तो वाजला.

"पोचनूत. दोन टक्के ऱ्हायनात." मागं दवाखान्याचा गलका होता. "सिस्टर वरडनी, पण घेतं त्याले. सुई लागनी, मशीन फिरी ऱ्हायनं."

मी काही बोलण्याआधीच बिबीजाननं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"फुलसिंगभाऊले सांग," ती म्हणाली, "शनवारनी गाडी सक्काळी सातले दारशी ऱ्हाई."