हातात द्यायचा कागद

आमच्या डॉक्टरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेडण्यात होते. मंगळवार होता, आणि मंगळवारी आमचा त्वचारोगाचा दवाखाना डिचोलीहून पेडण्याला यायचा. आत बाईंचा भाचा, डॉ. अमेय, पेशंट तपासत होता. डॉ. विजयाबाई इस्पितळातून लवकरच घरी येतील, असं मी सकाळीच सगळ्यांना छातीठोकपणे सांगून बसले होते... अमेयच्या आईने फोनवर मलाच सांगितलं, आणि मग आत जाऊन मी त्याला. बाहेर आले तर बाकावरची एक म्हातारी म्हणाली, ‘‘बाय गो, आता आमी दाखवचा खंय?’’ मला तिचा असा राग आला! इथे माणूस गेलं आणि हिला आपल्या खाजेची पडलीय. पण पुढच्याच क्षणी ती पदर तोंडाला लावून माझ्याहून मोठ्याने रडायला लागली. तेव्हा मीही तिच्याजवळ बसले.

मी बाईंकडे पहिल्यांदा आले ती पेशंट म्हणून. हातांवर कोडाचे डाग उठले होते, ठरलेलं लग्न त्यापायी फिसकटलं होतं आणि घरात माझ्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी ओढणीत हात गुंडाळून खुर्चीत बसले. बाईंनी तपासण्यासाठी हात मागितला नाही. आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून नुसता औषधाचा कागद लिहिला आणि माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, टेबलावर ठेवा. त्यांनी ठेवला नाही. ‘‘हात खंय गो तुजो?’’ एवढंच म्हणाल्या आणि कागद तसाच धरून बसल्या. बाहेर पेशंट खोळंबलेले, कंपाउंडर दारातून डोकावून जातोय, आणि या बाई बसल्यात आपल्या कागद धरून! शेवटी लाजेने म्हणा, वैतागाने म्हणा, मी हात बाहेर काढला. पुढे त्यांनीच मला नोकरी दिली, आणि तीही आत कुठे बाटल्या लावायला नव्हे, दारासमोरच्या काउंटरवर.

त्या काउंटरचा बाईंनी घालून दिलेला नियम एकच होता. कागद असो, औषध असो, सुटे पैसे असोत, माणसाच्या हातात द्यायचं. टेबलावर सरकवायचं नाही. ‘‘भाईर सगळे ह्यांचे हात चुकयतात, आमी चुकोवंक फावना,’’ आपण तरी टाळता कामा नये, असं त्या म्हणायच्या. चिडल्या की त्या अशाच साखळी गावच्या, घरच्या बोलीत बोलत. पण स्टाफला पेशंटसमोर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. ज्योती नवीन आली तेव्हाची गोष्ट सांगते. तिचे वडील कोल्हापूरकडून इथल्या कारखान्यात आलेले. पोरगी कामाला चलाख, पण मनातून घाबरायची. अंगावर खपल्या असलेला माणूस समोर आला की औषध टेबलावर ठेवून ही मागे. बाईंनी पाहिलं. दुपारी चहा आणि पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव आले. चहा बाई स्वतः सगळ्यांना द्यायच्या. ज्योतीची पाळी आली तशी त्यांनी कप स्टुलावर ठेवला आणि पदर सावरत मागे सरकल्या. दुसऱ्या दिवशी तेच. मग पोरगी भर चहात हुंदके द्यायला लागली, तेव्हा बाईंनी कप उचलून तिच्या हातात दिला आणि वर उंड्यावर लोणी जास्त लावलं. त्यानंतर ज्योतीला पुन्हा सांगावं लागलं नाही.

माझे डाग मध्यंतरी पुष्कळ भरले, आणि मग पुन्हा उठले, या खेपेला ओठांवरही. एका ट्रकमालकाच्या बायकोने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, ‘‘हिचंच बरं होत नाही, आपलं काय होणार?’’ मी बाईंना सांगितलं, मला आत बसवा, तुमचं नाव खराब होतंय. बाईंनी चष्मा काढला. ‘‘जें बरें जायना तें दारांतूच कळूं दी. हांव देव न्हय,’’ म्हणाल्या. ‘‘आनी तूं बसल्या थंयच बस.’’ मी बसले. एवढी वर्षं मी त्या खुर्चीत बसले, ती पाठीमागच्या खोलीत बाई आहेत या भरवशावर.

आणि आता पाठीमागे कुणी नव्हतं. बाराव्यानंतर दवाखाना उघडला तेव्हा अमेय म्हणाला, ‘‘शैलाताई, तुम्ही आता आत बसा. दमता तुम्ही.’’ मुलगा प्रेमळ आहे. त्याने ते काळजीने म्हटलं की माझ्या तोंडाकडे पाहून, मी विचारलं नाही. मी निमूट आत जाऊन बसले, औषधांच्या कपाटाला टेकून, आणि बाई गेल्या हे मला खरं तर तिथे कळलं.

परवा ज्योती आत आली. ‘‘ताई, एक मुलगी आलीया. नावाचा कागद द्यायला गेले तर हात दावंना. टेबलावर ठेवा म्हनतीया. तुम्ही या की.’’ मी उठले. बाहेर माझ्या खुर्चीत जाऊन बसले. समोर ओढणीत हात गुंडाळलेली पोर, नजर जमिनीला. मी कागद तिच्यासमोर धरला. मागे रांग कुरकुरायला लागली. अमेय दारात येऊन उभा राहिला. काही म्हणाला असता तरी मी उठणार नव्हते. हाताला रग लागली... बाई, किती वेळ धरला होतात हो तुम्ही माझ्यासाठी! मला त्या दिवशी तो नुसता हट्ट वाटला होता.

पोरीने मान वर केली. आधी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. आणि ओढणी सुटली.

तिने कागदाचं दुसरं टोक धरलं, तरी मी तो लगेच सोडला नाही.