सहा दिवस नुसतं बसायचं

मला बसता येत नाही.

गुडघ्यांमुळं नव्हे. गुडघ्यांचं म्हणणं उलटंच आहे. ते बिचारे दोन वर्षांपासून "बाई, बस आता" म्हणून कुरकुरतायत. पण कोळवणात आमच्या भातखाचरांना लागून आम्ही पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या, त्याला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत मी जेवतानासुद्धा अर्धी उभीच असते. शनिवार-रविवार पुण्याची माणसं येतात, आंब्याखाली खाटेवर आडवी होतात आणि म्हणतात, "काकू, काय शांतता आहे हो इथं!" ती शांतता टिकावी म्हणून मी स्वयंपाकघर ते खोल्या आणि खोल्या ते स्वयंपाकघर अशी दिवसभर पळत असते. (शांततेला फार पळावं लागतं.)

पाहुण्यांबद्दल पाहुण्यांच्या देखत बोलता यावं म्हणून मी भाज्यांची एक युक्ती काढली आहे. ज्याचा कुणाला काही त्रास नाही, गेल्यावर ज्याचं नावही आठवत नाही, तो दुधी. स्वयंपाकघरात येऊन "तुमचं माहेर कुठलं?" विचारत चिकटून राहते ती भेंडी. आणि कारलं म्हणजे कारलं! चहात आलं कमी, खुर्ची उन्हात, उशी कडक. आणि एवढं ऐकवून झाल्यावर रिकामा कप खुर्चीखाली ठेवणार, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची लाथ बसलीच पाहिजे. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. मी ओट्यापाशी नुसतं "मंगल, तीन नंबरला कारलं आलंय गं" म्हटलं की माझी धाकटी जाऊ काय ते समजते.

ही मंगल बरीच वर्षं म्हणत होती, "अक्का, शनवार-रविवार मी बगते की. तुमी जरा बसा." मी लक्ष देत नव्हते. मग माझी लेक पल्लवी मध्ये पडली. ती हिंजवडीला कंपनीत आहे, राहते मारुंजीत, आणि घरी आली की ऑफिसात असल्यासारखी बोलते.

"आई, डॉक्टरांनी उभं राहणं कमी करायला सांगितलंय. काकूला हँडओव्हर कर."

"माज्याशिवाय हितली चूल पेटत न्हाई," मी म्हटलं.

"ओके. मग बघूच पेटते का!"

आणि तिनं माझी आणि तिच्या वडिलांची मॉरिशसची तिकिटंच काढली. सहा दिवस, समुद्राकाठचं रिसॉर्ट. पैज अशी, की मी गेल्यावर इथं काही गडबड झाली तर पल्लवी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण सगळं सुरळीत पार पडलं, तर शनिवार-रविवारची चूल कायमची मंगलकडं. अटी दोन. घरी दिवसाला एकच फोन, आणि मी बसलेली आहे असा रोज एक फोटो.

कुणाचं वाईट चिंतू नये हे मला कळतं. पण खरं सांगते, निघताना देवापुढं हात जोडले तेव्हा मी मंगलचं भलं मागितलं नाही. फार काही नाही, एखादं पिठलं खाली लागावं, एवढंच मागितलं.

मुंबईहून विमान साडेसहा तासांचं. आमच्या ह्यांना बसण्याची दैवी देणगी आहे. यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या खोऱ्यात कुणी नाही. विमान हलायच्या आत ते घोरायला लागले. माझा मात्र जीव वरखाली. पट्ट्याचा दिवा लागला की मी बसायची, विझला की उठायची. जेवणं झाली आणि सगळ्यांसमोर खरकटे ट्रे तसेच! मला ते बघवेना. आधी आमच्या रांगेतले गोळा केले, मग पुढच्या रांगेतले. खरकटं एकात, चमचे एकात, वाट्या एकात एक. हवाई सुंदरी धावत आली.

"मॅम, प्लीज, आप बैठिए!"

"बसते गं. पन तू जेवलीस का?"

"जी? मैं… बाद में."

म्हणजे उपाशी! उपाशी पोरीनं वाढलेलं माझ्या घशाखाली कसं उतरावं? मी पिशवीतली गुळपोळी तिच्या हातावर ठेवली. तेवढ्यात ह्यांनी एक डोळा उघडला. "अगं, इमान तिचं हाय. तुजं न्हाई." आणि डोळा मिटला.

रिसॉर्ट काय सुंदर! दारात नारळ, समोर निळं पाणी, आणि आम्हाला चौदा नंबरची खोली. पलंगावर टॉवेलचं घडी करून केलेलं बदक, त्याच्या चोचीत लाल फूल. ते बघून आमचे हे खूश झाले. मी मात्र दारातच थबकले. कारण बाकीच्यांना रिसॉर्टात समुद्र दिसतो. मला दिसत होती ती आमची चादर उद्या ओढणारी बाई. ती आमच्या खोलीतून बाहेर पडून मैत्रिणीला काय म्हणेल? त्यांच्याकडंही भाज्या असणारच की! मी तिथंच ठरवलं, काही झालं तरी आपण दुधी व्हायचं. नुसतं दुधी नाही, कोवळा दुधी!

घरी पाचला उठायची सवय आणि तिथलं घड्याळ दीड तास मागं, त्यामुळं पहाटे साडेतीनला माझे डोळे टक्क उघडे. मग कामाला लागले. पलंगाची चादर ताणून बसवली. (ह्यांना आधी उठवून खुर्चीत बसवलं. ते खुर्चीत झोपले.) न्हाणीघर पुसून कोरडं केलं. कचरा पिशवीत भरून बाहेरच्या मोठ्या डब्यात टाकून आले. बॅगा मध्ये दिसायला नकोत म्हणून कपाटात वरच्या फळीवर उशांमागं सारल्या. टॉवेल धुऊन, पंख्याखाली वाळवून, घडी घालून त्याचं बदकही करून ठेवलं. पहिल्या दिवशीचं बदक कोंबडीवर गेलं होतं, पण चौथ्या दिवशीपर्यंत माझा हात बसला. बागेतलं लाल फूल तोडून चोचीतही खोचलं.

खोली आवरणारी देविका रोज दार उघडायची, आत बघायची आणि माझ्याकडं बघायची.

"मॅडम, हमारा काम तो छोड़िए कुछ!" ती मोडक्या हिंदीत म्हणायची.

"तू बस जरा. दमली आसशील," मी म्हणायची. मराठीतून, पण हातानं खुर्ची दाखवून.

पल्लवीसाठी मी रोज झोपाळ्यात बसायची, हे फोटो काढायचे, मी उठायची. सहा दिवसांचं माझं एकूण बसणं ते तेवढंच. एरवी मी त्या किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत होते आणि संध्याकाळच्या फोनची वाट बघत होते.

शनिवारी फोन लावला.

"मंगल, जेवायला मानसं किती हायेत?"

"बावीस, अक्का."

"भाकरी कमी पडली आसंल?"

"न्हाई की. दोन उरल्या, त्या कुत्र्याला घातल्या."

"पिठलं लागलं आसंल खाली."

"कशापायी लागंल? मानसांनी दोनदा मागून खाल्लं! येक बाई तर म्हनल्या, मागल्या येळंपरीस लई झ्याक झालंय."

"रेंज जातीया गं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. रेंज कुठंही गेली नव्हती.

मागल्या वेळी पिठलं मी केलं होतं. मला रडूच आलं. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "समुद्र बगून भरून आलं." त्यांना ते पटलंही. (नवरा इतका भोळा असणं बरं नव्हे.)

सोमवारी रिसॉर्टच्या होडीनं आम्हाला एका छोट्या बेटावर नेलं. तिथं दिवसभर नुसतं पडून राहायचं होतं. झाडून काढायला अंगणसुद्धा नाही, जिकडंतिकडं वाळूच! कसाबसा दिवस काढून दुपारी चारला आम्ही परत आलो, तर चौदा नंबरच्या व्हरांड्यात एक तरुण जोडपं उभं. पोरीच्या हातात नवा चुडा, पायाशी तीन बॅगा, दोघं घामाघूम.

आता कुठल्याही शहाण्या बाईनं विचारलं असतं, की बाबांनो, आमच्या दारात तुम्ही कोण? पण दारात बॅगा घेऊन दमलेली माणसं दिसली की माझं डोकं चालत नाही, पाय चालतात.

"या या! लांबून आलात? बसा, पानी आनते."

आणि आमचे हे! अकरा वर्षांची सवय. त्यांनी दोन बॅगा दोन हातांत आणि तिसरी खांद्यावर घेतली, दार उघडलं आणि आत नेऊन ठेवल्या.

मी पाणी दिलं. खोलीतल्या किटलीत पाणी उकळलं, खांद्याच्या पिशवीतली घरची चहापूड टाकली, वेलची ठेचली, दुधाच्या चार पुड्या फोडल्या. जोडपं इंदूरचं होतं, नवं लग्न झालेलं. आधीच्या खोलीतला एसी गळत होता म्हणून त्यांना इकडं पाठवलं होतं. पोरगा म्हणाला, "आंटी, चाय तो कमाल है!" पोरगी म्हणाली, "आंटी, एक एक्स्ट्रा तकिया मिलेगा?"

"मिलेगा ना, क्यूं नहीं मिलेगा!" मी तुरुतुरु कपाटाकडं गेले, वरच्या फळीवर हात घातला, उशी ओढली, तर मागं दोन बॅगा. माझं डोकंच फिरलं. काय हे लोक! निघताना खोली तपासायची साधी पद्धत नाही?

"अवो!" मी ह्यांना हाक मारली. "मागल्या पाव्हन्यांच्या बॅगा ऱ्हायल्यात हितं! खाली आफिसात देऊन या!"

ह्यांनी एक बॅग खाली काढली. तिच्या मुठीला मीच ओळखीसाठी बांधलेली हिरवी चिंधी होती. ते चिंधीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"अगं," ते म्हणाले, "मागलं पाव्हनं आपुनच हाय!"

पुढचा गोंधळ विचारू नका. पोरीनं कप खाली ठेवला. "मतलब… आप लोग यहाँ काम नहीं करते?" पोरगा उठून एकदा माझ्या पाया पडला, एकदा ह्यांच्या. मग मॅनेजर धावत आला. त्या दिवशी देविकाची सुट्टी होती, आणि बदलीच्या मुलीनं खोली उघडून बघितली तर चादर ताणलेली, न्हाणीघर कोरडं, डबा रिकामा, बॅग दिसत नाही, पलंगावर ताजं बदक! तिनं खाली कळवलं, चौदा नंबर रिकामी आहे. मॅनेजर कपाळाचा घाम पुसत हिंदीत म्हणाला, "मॅडम, माफ कीजिए. पर सच बोलूँ? इस कमरे में कोई रहता है, ऐसा लगा ही नहीं."

लोकांना अपमान वाटला असता. माझी मात्र मान ताठ झाली. कोळवणच्या अकरा वर्षांत असा दुधी आमच्याकडंसुद्धा आला नव्हता!

त्या जोडप्याला दुसरी खोली मिळाली, पण जायच्या आधी पोरीनं माझ्याबरोबर फोटो काढला. त्या दिवशीचा फोटो म्हणून ह्यांनी तोच पल्लवीला पाठवला. त्यात ती पोरगी बसलेली होती आणि मी ट्रे धरून उभी. पल्लवीचं उत्तर आलं, "आई, तू हरलीस." मी उलट लिहिलं, "बसण्याची अट हरले. चुलीचं घरी आल्यावर बघू."

कारण माझा जीव अजून त्या एका आशेवर टिकून होता. फोनवर काय, माणूस काहीही सांगतं. प्रत्यक्ष जाऊन बघितलं की कुठं ना कुठं खोट सापडणारच.

परतीचे साडेसहा तास, मग मुंबईहून गाडी, घाट, पौड आणि शेवटी कोळवणचा रस्ता. गाडीतून उतरले तेव्हा पाय सुजून भोपळे झाले होते, तरी मी आधी चारही खोल्या बघितल्या. लख्ख. भांडी बघितली. चकचकीत. पाहुण्यांची वही उघडली, तर दोन पानं भरून मंगलकाकूंचं कौतुक. शेवटी चुलीशी गेले. चूल नीट सारवलेली, राख काढलेली, उद्याची लाकडं रचून ठेवलेली. माझ्याशिवाय ती पेटली होती, इतकंच नाही, तर छान पेटली होती. मी ती लाकडं उगाच एकदा सारखी केली आणि त्याच वेळी, कसं सांगू, गुडघ्यांना फार बरं वाटलं.

मंगलनं व्हरांड्यात खुर्ची टाकली. "बसा अक्का. आता तुमी उटायचं न्हाई." आणि चहा आणून दिला.

मी बसले. खरोखर बसले! चहाचा घोट घेतला.

"मंगल, आलं कमी पडलंया गं!"

"व्हय अक्का, टाकते फुडच्या टायमाला."

"आन् ही खुर्ची जरा सावलीला घ्यायची. ऊन येतंय."

तिनं खुर्ची हलवली. मी तिच्यात बसलेली असतानाच.

"ही पाठीची उशी कसली म्हनायची? लई कडक हाय!"

"बदलते," म्हणून मंगल आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा दबका आवाज आला. "पल्लवी, पोचली गं तुजी आई. व्हय, बसलीया. काय सांगू बाई… व्हरांड्यात कारलं आलंया!"

ही भाषा मीच तिला शिकवलेली, त्यामुळं अर्थ विचारायचीही सोय नव्हती. मी गुपचूप उरलेला चहा प्यायले, पाय लांब केले आणि रिकामा कप खुर्चीखाली ठेवून दिला.