कन्सोलचं झबलं

मला ऑनलाइन भांडायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. समोरासमोर भांडले की माझा आवाज चिरकतो आणि डोळ्यांत पाणी येतं. टाइप करताना कसं, कोणाला काही कळत नाही. तरी गेमवाल्यांच्या ग्रुपवर वाघाचा फोटो लावलेल्या एका माणसाशी मी जेवढी भांडले, तेवढी चाळीच्या मीटिंगमध्येही कधी भांडले नव्हते.

वाद कसला, तर हातात धरून खेळायच्या छोट्या कन्सोलवर हेवी गेम चालतो की नाही. वाघाचं म्हणणं, "ताई, ते खेळणं आहे हो. असले गेम पीसीवरच खेळायचे." अर्धा ग्रुप त्याच्या बाजूने. कोणी म्हणे चित्र अडखळतं, कोणी म्हणे हात भाजतात. मी आपली एकटी किल्ला लढवत होते. चालतो म्हणजे चालतो! चालायलाच हवा होता, कारण तो कन्सोल मी दादासाठी घेतला होता.

दादा माझा मोठा भाऊ. त्याच्या किडन्या गेल्या आणि परळच्या हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं. दर वेळी चार तास डाव्या हातात सुया, आणि तो हात अजिबात हलवायचा नाही. अर्धा वेळ झाला की तो सिस्टरच्या मागे लागायचा, "बस झालं, काढा ना आता." कोणाचं ऐकायचा नाही, सही करून लवकर सुटायचा. मग अंगात पाणी राहायचं, पाय सुजायचे, धाप लागायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर हृदयावर येईल. मी दादावर खूप ओरडले. तो म्हणाला, "तू झोप गो तिथे, छताकडे बघत." मग मी त्याचं मन रमवायच्या मागे लागले.

मोबाइलवर पत्ते झाले, सिरियली झाल्या. एकदा तोच म्हणाला, "तो डोंगरवाला गेम असता ना, तर बसलो असतो." बर्फाचे डोंगर, कमरेएवढं गवत आणि एक घोडा, असा तो गेम. आजारी पडायच्या आधी घरच्या कॉम्प्युटरवर खेळत होता, तो अर्ध्यावरच राहिलेला. मी दुसऱ्याच दिवशी कन्सोल घेऊन आले.

आता आमची आई. आमच्या घरात उघडी वस्तू सापडायची नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, मिक्सरला टोपी, फ्रिजच्या हँडललाही कपडा. त्यात उन्हाळा. लालबागला मसाल्याचं काम जोरात, दुपारी अख्खी चाळ शिंकते. आईने कन्सोल उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "हेच्यार मिरचीची धूळ बसतली मा!" संध्याकाळपर्यंत तिच्या जुन्या सुती साडीचं, आत अस्तर घातलेलं झबलं तयार. पडद्याला आणि बटणांना नीट जागा कापलेली, कडा दुमडून शिवलेल्या. इतकं गोड दिसत होतं की मी त्याची पापीच घेतली.

पहिल्या दिवशी मी दादाच्या पलंगाला खुर्ची चिकटवून बसले. त्याचा डावा हात अडकलेला, म्हणून कन्सोलची डावी बाजू मी धरली, उजवी त्याने. आम्हाला ते नवीन नव्हतं. लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचा एक रिमोट बिघडला, तेव्हापासून एकाच रिमोटवर मी बाण दाबायचे आणि तो बटणं. घोडा निघाला तसा दादाचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी तो चेहरा बघत होते मी. आणि मग चित्र अडखळायला लागलं. घोडा जागच्या जागी थरथरला, कन्सोल तव्यासारखा तापला आणि बंदच पडला. दादा म्हणाला, "राहू दे गो." त्या दिवशीही तो वेळेआधीच उठला.

मी खालच्या कॅन्टीनमध्ये बसून ग्रुपवर लिहिलं, "जिंकलात तुम्ही सगळे. नाही चालत. एसीने गारठलेल्या वॉर्डातसुद्धा तापतो. माझ्या भावाला डायलिसिसच्या वेळी खेळायचं होतं, एवढंच."

वाघाने विचारलं, "ताई, एक फोटो टाका बरं. मागूनही एक."

दोन्ही टाकले. मग वाघाने लिहिलं, "ताई, आधी त्याचा स्वेटर काढा."

कन्सोल मागून हवा ओढतो आणि वरून गरम हवा सोडतो, हे आमच्याकडे कोणाला ठाऊक! आईने दोन्ही तोंडं डबल टीप मारून बंद केली होती. ग्रुपवर हसून हसून लोक आडवे झाले. मीही कॅन्टीनमध्ये एकटीच खो खो हसले. वाघाने मात्र शांतपणे पुढे लिहिलं, गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या बंद करा, गवत कमी करा, फ्रेम तीसवर बांधा, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं, तापणार नाही. मी विचारलं, "मग चालेल?" तो म्हणाला, "पीसीसारखा नाही. पण भावासाठी चालेल." मेल्याशी इतके दिवस भांडले, आणि आता त्याला घरी जेवायला बोलवावंसं वाटलं.

आईला सांगताना मला धाकधूक होती. ती मटकन खाली बसली. "अगो बाय माझे, तेका श्वास घेवक मिळूक नाय मा!" मग उठली, कात्री घेतली, ब्लाउजला काढतात तसा झबल्याच्या पाठीला मोठा गळा काढला आणि वरची शिवण उसवून टाकली. कन्सोल झबल्याशिवाय नुसताच नेऊ का, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या वेळी घोडा डोंगर चढला. गवत विरळ होतं, लांबची झाडं जरा उशिरा उगवत होती, पण दादाचं तिकडे लक्षच नव्हतं. आमची जुंपली होती. "उजवीकडे बघ ना!" "बघतोय! तू आधी घोडा थांबव!" शेजारच्या पलंगावरचे काका म्हणाले, "नदीच्या कडेने जा रे." म्हणून आम्ही नदीच्या कडेने निघालो.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "झाले तुमचे चार तास. काढते आता."

दादाने मानही वर केली नाही. म्हणाला, "सिस्टर, पाच मिनिटं थांबा की."

मला समोरचं काही दिसेना. माझा अंगठा घसरला आणि घोडा सरळ नदीत गेला.

"अगो, रडतेस काय," दादा ओरडला, "बाहेर काढ त्याला!"