आत्याच्या अंगावरची सहा वावरं

डॉक्टरांनी सांगितलेलं पहिल्या फटक्यात समजणारं माणूस अख्ख्या लातुरात एकच आहे, आणि ते म्हणजे माझी आत्या. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? तर मग तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून लोकांची तोंडं कधी पाहिलेली नाहीत. मान डोलवत आत जातात, मान डोलवत बाहेर येतात आणि दारातच कंपाउंडरला विचारतात, "काय म्हणले हो डॉक्टर?" आत्याचं तसं नाही. तिला कळतं. घोळ होतो तो तिला जरा जास्तच कळतं म्हणून.

आत्यानं औशाजवळच्या गावात जन्मभर शेती केली. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा जमीन बटईनं देऊन ती लातुरात आमच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात राहायला आली. एकटीच. तिथं तिचं उत्तम चाललं होतं. मग एके दिवशी गादी उलटताना तिच्या पाठीत कट्‌कन आवाज झाला. मणका दबला होता. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. आत्यानं विचारलं, "म्हंजी वाळल्या पऱ्हाटीवानी?" डॉक्टर बहुतेक शेतकऱ्याच्याच घरचे असावेत. म्हणाले, "अगदी तसंच."

मुलगा धावत आला आणि निकाल देऊन गेला: आता आणखी एक हाड मोडलं की ह्या घराला कुलूप आणि आई पुण्याला, सातव्या मजल्यावर. आत्याला मरणाचं भय नाही, पण त्या सातव्या मजल्याचं आहे. एकदा पंधरा दिवस राहून आली तेव्हा म्हणाली होती, "खाली बघितलं की समदी मुंग्यावानी माणसं. अन् एकबी मुंगी वळखीची न्हाई!" म्हणून डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, की हाड भरायचं एक इंजेक्शन आहे, पण ते रोज, घरच्या घरी, स्वतःच्या हातानं आणि चांगलं दोन वर्षं घ्यावं लागेल, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आत्या "हाव" म्हणून मोकळी झाली.

नर्सबाई चित्राचा कागद घेऊन समजावू लागल्या. सुई पोटावर किंवा मांडीवर घ्यायची, रोज जागा बदलायची, एकाच जागी टोचत राहायचं नाही. आत्यानं कागद बाजूला सारला. "फेरपालट म्हणा की सरळ! एकाच वावरात दरसाल सोयाबीन घेतलं तर जमीन दमती. हे मला शिकवायलाव व्हय?"

घरी येऊन तिनं स्वतःच्या अंगाची मोजणी केली. दोन मांड्यांची दोन वावरं, पोटावर चार. उजवी मांडी आंब्याचं, डावी बांधाकडचं. पोटावर वरलं, खालचं, मळ्याचं आणि माळाचं. बेंबी म्हणजे विहीर, आणि विहिरीपासून दोन बोटं सोडूनच सुई. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांचा पट्टा खडकाळ, तो कायमचा पड. संध्याकाळी सात वाजता इष्टलिंगाची पूजा आटोपली की फ्रिजमधला पेन काढायचा, नवी सुई लावायची, बाजेवर बसायचं आणि स्वतःलाच विचारायचं, "आज कुठलं?" मग स्वतःच उत्तर द्यायचं, "आज मळ्याचं." सुई टोचल्यावर सावकाश पाच मोजा, असं नर्सबाईंनी सांगितलेलं. आत्या आकडे मोजत नाही. न-मः-शि-वा-य म्हणते, बरोबर पाच. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत वावराचं नाव.

एवढ्यावर थांबेल ती आत्या कसली! फेरपालट तिच्या डोक्यात शिरली ती शिरलीच. संध्याकाळचा चहा ती गल्लीत रोज वेगळ्या घरी पिऊ लागली, कारण रोज एकाच ठिकाणी गेलं की घर दमतं. विरजण आज हिच्याकडून, उद्या तिच्याकडून. फोन सुद्धा एक दिवस डाव्या कानाला आणि एक दिवस उजव्या. तिचा उजवा कान जरा कमी ऐकतो, त्यामुळं दिवसाआड सगळ्या गल्लीला तिच्या मुलाची ख्यालीखुशाली कळते.

समोर तहसील कचेरीतले एक रिटायर अव्वल कारकून राहतात. कडक माणूस. पंधरा वर्षं इन्सुलिन घेतात. चहाची पाळी त्यांच्या घरी आली तेव्हा आत्यानं सरळ विचारलं, "तुम्ही कुठं कुठं टोचता?" साहेबांनी बोट दाखवलं. बेंबीच्या उजवीकडे, रोज तिथंच. आत्या म्हणाली, "सदरा वर करा." साहेबांच्या बायकोदेखत, माझ्यादेखत! ते नाही नाही म्हणेपर्यंत हिनं हात लावून पाहिलासुद्धा. तिथं लिंबाएवढी मऊ गाठ. "साहेब, अख्ख्या तालुक्याचे सातबारे तुमच्या हाताखालून गेले, अन् सोताच्या पोटाचा एवढाच तुकडा ठाव हाय व्हय?" साहेब लालेलाल झाले. पण दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेले आणि डॉक्टरांनी आत्याचंच म्हणणं सांगितलं. तेव्हापासून ते सकाळी गॅलरीतून आत्याला वर्दी देतात, "आज डावीकडे घेतलं बरं का!"

अशा बाईच्या हातून चूक होईल असं मला स्वप्नातही वाटलं नाही. एक पेन अठ्ठावीस दिवसांचा असतो, आणि अठ्ठावीस दिवस झाले की तो फेकायचा. नवा आणायचं काम माझं. पहिल्या महिन्यात मी विचारलं तर म्हणाली, "थांब की, चार दिवसाचं अजून हाय." मला वाटलं, कंपनीनं हात सैल सोडून भरलं असेल. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात मात्र मी कॅलेंडर भिंतीवरून उतरवून घेतलं. आंब्याचं, वरलं, मळ्याचं, माळाचं, सगळं शिस्तीत लिहिलेलं. फक्त एक उभी रांग कोरी. वरपासून खालपर्यंत सगळे सोमवार कोरे!

"आत्या, सोमवारी काय झालं?"

"सोमवारी कोण औत जुंपतंय?" तीच मला उलट म्हणाली.

आमच्या लिंगायतांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला विश्रांती. ते मला ठाऊक होतं. पण ही बाई तो नियम इंजेक्शनला लावेल हे कुणाच्या डोक्यात येणार? मी भडकलो. "तुझी हाडं काय बैल आहेत? तिकडं पुण्याला कॉट तयार करून ठेवलीय त्यानं!" रागारागात डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून तिच्यापुढं धरला. डॉक्टर म्हणाले, "रोज म्हणजे रोज, काकू. सोमवार नाही, सण नाही."

आत्यानं गुमान ऐकून घेतलं. फोन बंद झाल्यावर तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बैलाला सोमवार होता लेकरा," ती म्हणाली. "मला न्हवता. बैलं दावणीला रवंथ करत बसायची अन् मी गोठा काढायची, सारवण करायची, नदीवर धुणं न्यायची. सासू म्हणायची, आज औत न्हाई, तवा आठवड्याचं समदं उरकून घे. लई वर्षं सोमवारीच माझी कंबर मोडली बघ. म्हणून म्हणलं, माझ्या ह्या मांडीला, पोटाला तरी एक दिवस द्यावा."

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी उगाच फ्रिज उघडून उभा राहिलो. ती हाडं कशानं झिजली हे इतकी वर्षं आम्हा कुणाला विचारावंसंच वाटलं नव्हतं, आणि मी तिलाच ओरडत होतो.

शेवटी तह झाला. सोमवारी इंजेक्शन घ्यायचं, पण त्याशिवाय दिवसभर काहीही करायचं नाही. माझ्या स्टेशनरीच्या दुकानाची सुट्टी रविवारी असायची, ती मी सोमवारी केली. सकाळी जाऊन झाडलोट करतो, भांडी घासतो, चुरमुरे भिजवून फोडणीचा सुशीला करतो. आत्या बाजेवरून हुकूम सोडते. "कोपरा राहिला. मीठ जास्त झालं. ती कढई तशी घासत्यात व्हय? दे इकडं!" पाच मिनिटांत उठून उभी राहते, मी खांदे धरून पुन्हा बसवतो. पहिल्या सोमवारी तर रिकामे हात मांडीवर ठेवून घाबरल्यासारखी विचारत होती, "आता काय करू?" मी म्हटलं, "काही नाही, बस." तर म्हणते, "बैलं कशी बसत आसतील रे दिवसभर?"

अजून आठ महिने बाकी आहेत. हाडं किती भरली ते पुढच्या तपासणीत कळेल. आजवर तरी घराला कुलूप लागलेलं नाही.

गेल्या सोमवारी दुपारी मी ओटा पुसून बाहेर आलो, तर आत्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. दिवसाउजेडी झोपलेली आत्या मी उभ्या जन्मात पहिल्यांदा पाहिली. तेवढ्यात उशाशी ठेवलेला तिचा फोन वाजला. पुण्याहून मुलगा. मी झटकन उचलला, दाराबाहेर आलो आणि हळू आवाजात म्हणालो, "संध्याकाळी कर. आत्ता उठवत नाही तिला. आज तिचा सोमवार आहे."