एका खुणेचा पंचनामा

आमच्या मंगळवारच्या बाकावर किस्से साचतात ते वहीमुळे. परभणीतल्या एका थेरपी सेंटरच्या जिन्याखाली तो लोखंडी बाक आहे. आत मुलं, बाहेर आम्ही पालक, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक वही. घरी मुलाचं वागणं मोजायचं, लिहायचं आणि मंगळवारी थेरपिस्ट मॅडमना दाखवायचं. मोजलेलं वहीत राहतं. रकान्यात जे बसत नाही ते बाकावर सांडतं.

रकाने तीनच. आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. शेजारी खुणांसाठी जागा. एकदा घडलं की एक उभी रेघ. माझं शिक्षण एम.एस्सी., आणि मला हे नीट जमायला चार महिने लागले!

*

पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं होतं, ‘रेणू माझ्यावर रुसली.’

रेणू माझी मुलगी, साडेचार वर्षांची. तिला ऑटिझम आहे, ती बोलत नाही. काही हवं असलं की माझा हात धरून तिथवर नेते, आणि मिळालं की हात सोडून देते, नळ बंद करावा तसा.

मॅडम वयानं माझ्याहून लहान आहेत, तरी त्यांनी माझ्या वहीवर लाल पेन टेकवलं की मला घाम फुटतो. त्यांनी विचारलं, रुसली म्हणजे काय दिसलं? पाठ फिरवली, ताट ढकललं, काय केलं? डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं तेवढंच लिहायचं.

मी बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, “दिसलं काहीच नाही मॅडम. मलाच वाटलं.”

त्यांनी ते खोडलं नाही. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, ‘हे आईचं वागणं. वेगळी वही करा.’

*

देवगाव फाट्याहून एक गुरुजी त्यांच्या मुलाला घेऊन येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मुलगा जेवताना पानावरून किती वेळा उठतो, एवढंच त्यांना मोजायचं होतं. गुरुजी आठवडाभराचा तक्ता घेऊन आले, पट्टीनं रेघा मारलेला. सोमवार दहापैकी सहा. मंगळवार दहापैकी साडेसहा. बुधवार दहापैकी आठ.

मॅडम म्हणाल्या, गुरुजी, मार्क द्यायचे नाहीत, फक्त मोजायचं. बुधवारी तो नक्की किती वेळा उठला?

“उठला तर लय वेळा,” गुरुजी म्हणाले. “पण त्या दिवशी त्याला ताप होता. दोन ग्रेसचे दिलेत.”

बाक हसून हसून हलला. मी जरा बेतानंच हसले. ग्रेसचे मार्क माझ्याही वहीत होते. मी फक्त त्यांना मार्क म्हणत नव्हते.

*

बोरीच्या सुनंदाताईंना घरकामात वही-पेन जमेना, म्हणून मॅडमनीच त्यांना युक्ती सांगितली. ओट्यावर दोन वाट्या ठेवा. डावीत तुरीचे दाणे. पोरानं कान झाकून घेतले की एक दाणा उजवीत टाका, आणि संध्याकाळी उजवीतले मोजा.

छान चाललं होतं. एका मंगळवारी त्यांनी सांगितलं की शुक्रवारी उजवी वाटी रिकामी होती. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. शून्य? दिवसभरात एकदाही नाही?

“शून्य कशाचं मॅडम. कोंबडीनं खाल्ले.”

मॅडमच्या फॉर्मवर ‘नोंद नसल्याचं कारण’ असा एक रकाना आहे. तिथं लोक आजारपण, पाहुणे, गावाला जाणं असलं काहीबाही लिहितात. सुनंदाताईंच्या फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहिलंय, कोंबडी.

बाहेर येऊन बाकावर बसल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, “रिकामी वाटी बघून मला बी घडीभर तसंच वाटलं होतं.”

*

मग आमचं स्टॉपवॉच आलं. रेणूला नावानं हाक मारायची आणि ती वळून पाहीपर्यंत किती सेकंद जातात ते मोबाइलवर मोजायचं. तीस सेकंदांत वळली नाही तर ‘नाही’ लिहायचं. दिवसातून दहा वेळा.

अंगणात मी “रेणू” म्हणायचे आणि आकडे पळताना बघत राहायचे. सव्वीस, सत्तावीस. अठ्ठावीसला मी श्वास धरायचे. रेणू आपली खडे एका ओळीत लावत असायची.

महिन्याभरानं शेजारची शेळी वळायला लागली. मी हाक मारली की कुंपणापलीकडून दोन सेकंदांत तिची मान वर, आणि तोंडातला पाला तसाच ठेवून ती माझ्याकडे टक लावून बघायची. शेजारीण म्हणालीसुद्धा, “आमच्या शेळीचं नाव परस्पर बदललं की काय तुमी?”

त्या दिवशी दहा वेळा ‘नाही’ लिहून झाल्यावर मी खाली शेळीचे दोन सेकंदही लिहून ठेवले. मॅडमना ते पान दाखवलं नाही. कुणीतरी वळलं तर होतं!

*

आता तात्या. माझे सासरे, पोलीस खात्यातून रिटायर झालेले जमादार.

मॅडमचा एक नियम आहे. जे वागणं फार महत्त्वाचं, त्याची नोंद दोघांनी करायची. वेगवेगळ्या वह्यांत, एकमेकांचं न बघता. दोघांच्या खुणा जुळल्या तरच धरायच्या. आमचे हे नोकरीसाठी रोज जिंतूरला जातात ते संध्याकाळी सातला उगवतात, म्हणून दुसरी वही तात्यांकडे गेली.

तात्यांची पहिली नोंद अशी होती: ‘सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी सदर मुलीस दुधाचा पेला देण्यात आला असता तिने तो डाव्या हाताने अंदाजे एक फूट दूर सारला. दूध सांडले नाही. पुढील तपास चालू.’

मॅडमनी ती सगळ्या पालकांना वाचून दाखवली, नमुना म्हणून. रुसली नाही, चिडली नाही, लाडात आली नाही. दिसलं तेवढंच. फक्त ते ‘पुढील तपास चालू’ काढून टाका, असं त्यांनी तीनदा निरोप पाठवून सांगितलं. ते काही निघालं नाही.

*

आम्हा दोघांच्या वहीत एक पान सारखंच होतं. वर लिहिलं होतं, ‘आई म्हणणे’.

माझ्या पानावर रोज एखादी, कधी दोन खुणा असायच्या. आठवड्याच्या नऊ झाल्या. तात्यांच्या पानावर शून्य. मॅडमनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि खाली लिहिलं, ‘जुळत नाही’.

घरी आल्यावर मी तात्यांना विचारलं, तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं का? सुनेनं असं विचारू नये. विचारलं.

तात्या चिडले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, “आवाज येतो, पोरी. ‘आ’ येतो. ‘ई’ काई येत न्हाई. ऐकल्याबिगर मी लिहीत नसतो.”

“एकदा तरी लिहा ना, तात्या.”

“आज खोटं लिव्हलं, तर खरं येईल त्या दिवशी कोण धरायचं?”

मी आत जाऊन माझ्या नऊच्या नऊ खुणा खोडल्या. अर्ध्या शब्दाला अर्धी रेघ काढायची सोय त्या वहीत नाही.

*

मागच्या महिन्यात झरीला माझ्या चुलत बहिणीची हळद होती. बँडच्या आवाजानं रेणूचे हाल होतात, म्हणून तिला तात्यांजवळ ठेवून मी एकटी गेले. साडेचार वर्षांत पहिल्यांदा. दुपारपासून फोन सुरू. जेवली का? कान झाकले का? मला शोधत होती का? हा शेवटचा प्रश्न मी दर वेळी विचारायचे आणि उत्तर यायच्या आत दुसरं काहीतरी बोलायचे.

अकराव्या फोनला तात्या म्हणाले, “अकरा झाले. तुझी बी नोंद ठेवायलोय मी.”

बारावा फोन मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले तेव्हा रेणू पायरीवर खडे लावत होती. तिनं वर पाहिलं नाही. तात्यांनी वही उघडून माझ्या हातात दिली. उघडलेल्या पानावर माझ्या फोनांच्या अकरा रेघा, पाच-पाचच्या जुड्या बांधून. मी पान उलटलं.

‘आई म्हणणे’च्या पानावर एक रेघ होती.

आधी मला ते देवगाव फाट्याचे गुरुजीच आठवले. ग्रेसची असणार. मी कशीबशी म्हणाले, “तात्या, पण ऐकणारे दोघं लागतात. मी तर नव्हते. मॅडम ही धरायच्या नाहीत.”

तात्यांनी पानाच्या तळाला बोट ठेवलं. तिथं एक निळा, ठसठशीत अंगठा होता. आमच्या दूधवाल्या गंगाबाईंचा. नेमक्या त्याच वेळी त्या दारात आल्या होत्या.

“पंच हाय,” तात्या म्हणाले. “आधी अंगठा घेतला, मग दूध.”

मी पायरीवर रेणूच्या शेजारी बसले आणि तिन्ही रकाने वाचले.

‘आधी काय झाले: सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. मुलीची आई परगावी. दाराशी आईच्या चपला नव्हत्या.

मुलीने काय केले: चपलांच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. दाराकडे पाहून “आई” म्हणाली. दोन्ही अक्षरे स्पष्ट. एकदा.

नंतर काय झाले: दारात दूधवाली होती. आई नव्हती. मुलगी उंबऱ्यावर बसली. वाट पाहणे चालू.’