वरातीतल्या चार मात्रा

आमचा चांदा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता आणि गावात दोन बँड होते. त्यातल्या एकात मी क्लॅरोनेट वाजवायचो. दिवसा तहसिलीत कारकून. आमचा मास्तर कलकत्त्याच्या एका हॉटेलात साहेबलोकांना जाझवर नाचवून आलेला. वडील वारले, त्यांचा बँड गळ्यात पडला, म्हणून परतला होता. साइड ड्रम, ढोल, झांजा, झायलोफोन, हाताला लागेल ते तो वाजवी. हात थांबले की माणूस आजारी दिसायचा. जरीच्या कोटाची त्याला चीड होती. मलाही होती, त्या कोटात आम्ही बुडालेल्या संस्थानाचे सेनापती दिसत असू.

एका उन्हाळ्यात सागवानाच्या बड्या ठेकेदाराच्या मुलाचं लग्न निघालं. मास्तरने आम्हाला जमवलं.

"या वरातीत जाझ वाजवू. लोकायले आवडलं तर मी इथीच राह्यतो. नाई तर कलकत्त्याले चाललो. मार्च वाजवून वाजवून मले मुंग्या आल्या."

"घोडी नाचंन का यावर?" ट्रॉम्बोनवाल्याने विचारलं.

"घोडीले समजते. तुमचीच काळजी आहे."

सगळी मदार सुरावटीतल्या एका जागेवर होती. तिथे सगळ्यांनी एकदम थांबायचं, चार मात्रा कुणी श्वाससुद्धा वाजवायचा नाही, मग मास्तर एकटा ड्रमवर तुटून पडणार. तालमीत कुणी ना कुणी घाई करायचंच.

वरातीत मात्र जमलं. दिवेलागणीला, एका वकिलाच्या ओट्यासमोर, आम्ही सगळे एकदम थांबलो.

आमच्याकडे चालत्या वरातीत बँड एकाच कारणाने गप्प होतो: समोरच्या घरात मयत असते. भराभर टोप्या उतरल्या. बायांनी पदर तोंडाशी नेले. मास्तरने ड्रमवर पहिला घाव घातला आणि ठेकेदाराने धावत येऊन त्याचा हात धरला.

"लाज नाई वाटत का बे? मयतीसमोर वाजवून राह्यला! कोन गेलं?"

वकीलसाहेब ओट्यावर आरामखुर्चीत होते. इंग्रजांनी दिलेली रावसाहेबी त्यांनी अजून दारावरच्या पाटीत जपली होती. ते ताडकन उठले.

"मी जिता आहो ना अजून! कोनासाठी टोप्या काढून राह्यले? वाजव रे मास्तर, इथीच वाजव. साऱ्या गावाले समजू दे."

मास्तरने वाजवलं. ड्रमवर, त्याच्या काठावर, ढोलावर, गॅसबत्तीच्या दांड्यावर. नाचणारी पोरं नाचायचं सोडून ऐकत उभी राहिली. हा आता राहतो, असं मला वाटलं.

मांडवात ठेकेदार खूश होऊन आला. "बेस झालं, मास्तर. पोरीच्या लग्नातही हेच वाजवा. फक्त मधात चूप नोका होऊ."

"मंग त्यात राह्यलं काय?"

"बाकी सारं तर आहेच ना!" तो मनापासून म्हणाला.

मास्तर जेवला नाही. त्याच आठवड्यात तो गोंदियाच्या छोट्या गाडीत बसला, तिथून पुढे कलकत्ता. निरोपाला मी एकटाच होतो.

"तू चाल ना," तो खिडकीतून म्हणाला. "तिथी क्लॅरोनेटवाले कमी आहेत."

"तहसिलीत रजा मिळत नाही."

"मागितली का?"

गाडी हलली होती, त्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही.