बिननावाचे डबे
आंबलेल्या वरणाचा वास आला की मला चाकणच्या कंपनीतला फ्रिज आठवतो. ज्या डब्यावर नाव नाही तो शुक्रवारी फेकला जाईल, अशी सूचना त्यावर मीच चिकटवली होती, आणि मी खरोखर फेकत असे. अशाच एका शुक्रवारी सुट्या भागांची तपासणी करणारं मशीन चांगला मालही नापास करू लागलं. मालाची गाडी गेटवर उभी होती आणि मशीनचा प्रोग्रॅम माझा होता. नव्यानेच आलेला सहकारी शेजारी खुर्ची ओढून बसला. स्क्रीनवर प्रोग्रॅममधल्या आकड्यांना मी घाईत दिलेली ए, बी, टेम्प, टेम्प-टू अशी नावं. "मॅडम, टेम्प-टू म्हणजे काय?" मला आठवेना. मागे उभा असलेला सुपरवायझर म्हणाला, "नाव नाही ना त्यावर? आज शुक्रवार आहे मॅडम, टाका फेकून." सगळे हसले. एसीतही माझे कान तापले. सहकारी मात्र हसला नाही. एकेक आकडा कशाचा ते मला विचारत त्याने नीट नावं दिली : व्यास, जाडी, कमाल मर्यादा. त्यातच चूक सापडली आणि गाडी गेली. टेम्प-टूचा तेवढा उलगडा झाला नाही. तो काढला की मशीनच बंद पडायचं. शेवटी सहकाऱ्याने टेम्प-टूचं नाव ठेवलं 'मॅडमना विचारा'. ती कंपनी सोडून मला बरीच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात तिथल्या एका नव्या मुलीचा फोन आला, "मॅडम, तुम्हाला विचारा असं लिहिलंय." बघून सांगते म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.